डिझेल पिकअप वाहनाची निगा : नव्या वाहनमालकासाठी काही पाठ

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात गेल्या काही दशकांत जे बदल घडून आले, त्यांत मालवाहतुकीच्या साधनांतील बदल विशेष लक्षणीय होय. एके काळी शेतमाल बैलगाडीतून आठवड्याच्या बाजारापर्यंत जात असे आणि दूरच्या पेठेसाठी व्यापाऱ्याच्या ट्रकची वाट पाहावी लागे. आज नारायणगाव परिसरातील टोमॅटो किंवा रत्नागिरीचा आंबा एका रात्रीत वाशीच्या बाजार आवारात पोहोचतो, आणि तो नेणारे वाहन पुष्कळदा उत्पादकाच्या स्वतःच्या किंवा त्याच्या गावातील तरुणाच्या मालकीचे असते. एक ते दोन टनांच्या दरम्यान माल वाहून नेणारे डिझेलवरील पिकअप वाहन हे आता शेतीच्या अवजारांइतकेच परिचयाचे झाले आहे.

असे वाहन घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी चारचाकी वाहन प्रथमच येते. ते बहुधा कर्ज काढून घेतलेले असते. वाहन रस्त्यावर धावो अथवा दुरुस्तीसाठी उभे राहो, कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेस द्यावाच लागतो. शिवाय नाशवंत माल भरलेले वाहन मध्यरात्री घाटात बंद पडले, तर दुरुस्तीच्या खर्चावर मालाच्या किमतीचा बोजा चढतो. आणि बिघाड ब्रेकचा असेल, तर प्रश्न पैशाचा उरत नाही. यास्तव वाहनाची नित्य निगा हा केवळ यंत्राचा विषय नसून कुटुंबाच्या अर्थव्यवहाराचा व सुरक्षिततेचा विषय आहे.

जुने इंजिन आणि नवे इंजिन

पेट्रोल इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण ठिणगीने पेटविले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंश सेल्सिअसपेक्षाही अधिक तापते, आणि त्या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे या तत्त्वावरील इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. तत्त्व आजही तेच आहे. मात्र यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात : डिझेल इंजिनास भरपूर व स्वच्छ हवा हवी, आणि त्याचे इंधन निर्मळ हवे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास डिझेल इंजिन नवे नाही. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढील काळात विहिरीवरील डिझेल इंजिनाचा आवाज खेडोपाडी परिचयाचा झाला. त्या इंजिनाने एका पिढीस यंत्रज्ञान शिकविले. परंतु त्याचबरोबर काही सवयीही लावल्या. डिझेल फडक्याने गाळून ओतावे, ऑईल जे मिळेल ते घालावे, बिघाड झाल्यावरच मिस्त्रीस बोलवावे, अशा त्या सवयी होत. संथ गतीने चालणारे ते जाडजूड इंजिन पुष्कळसे सहन करीत असे.

आजचे पिकअपचे इंजिन तसे नाही. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज सहा हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले. या वाहनांत डिझेल एका सामाईक नळीतून अतिशय उच्च दाबाने इंजेक्टरकडे जाते. हा दाब सोळाशे बार किंवा त्याहूनही अधिक, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दीड हजार पटींहून जास्त असू शकतो. इंजेक्टरची छिद्रे अतिशय सूक्ष्म असतात. फडक्यातून सहज निसटणारा धुळीचा कण अशा इंजेक्टरचा नाश करण्यास पुरेसा असतो. जुन्या इंजिनावर निभावलेली सवय नव्या वाहनावर महाग पडते, हे नव्या मालकाने प्रथम ध्यानी घ्यावे.

सकाळची दहा मिनिटे

निगेचा सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे रोज इंजिन सुरू करण्यापूर्वी केलेली पाहणी. वाहन सपाट जागी उभे असावे व इंजिन थंड असावे.

प्रथम वाहनाखालची जमीन पाहावी. रात्रीतून ऑईल, कूलंट, डिझेल किंवा ब्रेकचे तेल ठिबकले असल्यास डाग दिसतो. त्यानंतर ऑईल मोजण्याची पट्टी काढून स्वच्छ पुसावी, पुन्हा आत घालून बाहेर काढावी आणि पातळी दोन खुणांच्या दरम्यान आहे की नाही ते पाहावे. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर वाहन काढू नये. वरच्या खुणेच्या वर ऑईल भरणेही तितकेच अनिष्ट होय. ऑईल न घालताच पातळी वाढलेली आढळली, तर त्यात डिझेल किंवा पाणी मिसळत असल्याचा संभव असतो. ऑईलला दुधाळ रंग आल्यास पाण्याचा शिरकाव झाला आहे असे समजून वाहन तपासून घ्यावे. डिझेल इंजिनातील ऑईल मात्र बदलल्यानंतर लवकरच काळे पडते. ते काजळीमुळे घडते व तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही.

कूलंटची पातळी त्याच्या बाहेरच्या पारदर्शक टाकीवरील खुणांवरून पाहावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये; दाबाखालचे उकळते द्रव अंगावर उसळून गंभीर इजा होते. कूलंट कमी झाल्यास वारंवार विहिरीचे वा नळाचे पाणी ओतण्याची प्रथा सोडून द्यावी. क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत पुटे चढतात आणि इंजिन तापू लागते. अडचणीच्या प्रसंगी साधे पाणी घालावे लागलेच, तर लवकरात लवकर योग्य कूलंट भरून घ्यावे.

शेवटी चारही चाके, स्टेपनी, दिवे, इंडिकेटर व हॉर्न तपासावेत आणि वाहन हलविताच पहिल्या काही मीटरांत ब्रेक दाबून पाहावा. किल्ली फिरविल्यावर पटलावरील दिवे लागून इंजिन सुरू होताच विझले पाहिजेत. ऑईलच्या दाबाचा लाल दिवा चालत्या वाहनात लागला, तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असा विचार न करता वाहन तत्काळ सुरक्षित जागी उभे करून इंजिन बंद करावे. ऑईलच्या दाबाशिवाय काही मिनिटे चाललेले इंजिन जाम होऊ शकते, आणि त्या दुरुस्तीचा खर्च अनेक हप्त्यांइतका असतो.

ऑईल केव्हा बदलावे ?

वाहनाबरोबर मिळणारी मालकाची पुस्तिका हा निगेचा मूळ ग्रंथ होय. ऑईलची प्रत व बदलण्याची मुदत वाहनागणिक भिन्न असल्याने शेजाऱ्याच्या वाहनावरून आपल्या वाहनाचा नियम ठरवू नये. पुस्तिकेत मुदत बहुधा किलोमीटर व महिने अशा दोन्ही प्रकारे दिलेली असते आणि त्यांपैकी जी आधी पूर्ण होईल ती पाळावयाची असते. हा मुद्दा एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

एखाद्या वाहनासाठी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत दिली आहे, असे समजू. बाजाराच्या फेऱ्या करणारे वाहन रोज शंभर किलोमीटर याप्रमाणे महिन्यातील पंचवीस दिवस चालले, तर महिन्यास २,५०० किलोमीटर होतात आणि दहा हजारांचा टप्पा चारच महिन्यांत येतो. तेथे वर्षाची वाट पाहणे घातक ठरेल. याउलट गावात कचरा गोळा करणारी घंटागाडी रोज पंधरा किलोमीटर फिरत असेल, तर वर्षभरात तिचे ४,५०० किलोमीटरच होतात. तिच्या बाबतीत वर्षाची मुदत आधी येते. इतकेच नव्हे, तर सतत थांबत, उभ्या जागी इंजिन चालू ठेवत जाणाऱ्या अशा वाहनाचे खरे श्रम किलोमीटरच्या आकड्यात उमटतच नाहीत. कष्टाच्या वापरासाठी पुस्तिकेत वेगळी मुदत दिलेली असल्यास अशा वाहनास तीच लागू करावी.

ऑईलबरोबर ऑईल फिल्टरही बदलावा. जुन्या फिल्टरमधून नवे ऑईल फिरविणे म्हणजे मळक्या घागरीत स्वच्छ पाणी भरणे होय. काढलेले ऑईल ओढ्यात, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांत वापरलेल्या ऑईलचा समावेश असून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावयास हवे. गावाच्या पाण्याच्या दृष्टीनेही ही दक्षता अगत्याची आहे.

हवा, डिझेल आणि पाणी

उसाच्या हंगामात साखर कारखान्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर धुळीचे लोट उठतात. अशा भागात एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच तपासावा लागतो. फिल्टर तुंबला की इंजिनास हवा कमी पडते, ओढ कमी होते व डिझेल अधिक लागते. कागदी फिल्टर पंक्चरच्या दुकानातील जोरदार हवेने साफ करण्याची रीत धोक्याची आहे, कारण त्याचा कागद न दिसेल असा फाटतो आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. फाटलेला फिल्टर तुंबलेल्या फिल्टरपेक्षा अधिक वाईट.

डिझेल फिल्टरजवळ पाणी साठण्याची जागा असते. पाण्याची सूचना देणारा दिवा लागल्यास, किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीस, तेथील पाणी काढून टाकावे. हे पाणी बहुधा तीन मार्गांनी येते : उघड्या पिंपात किंवा कॅनमध्ये साठविलेल्या डिझेलमधून, नीट न बसलेल्या झाकणातून, आणि रिकाम्या टाकीतील दमट हवा रात्री थंड होऊन. म्हणून पावसाळ्यात टाकी निम्म्याहून अधिक भरलेली ठेवावी, आणि डिझेल विश्वासाच्या पंपावरूनच घ्यावे. उच्च दाबाच्या पंपास डिझेल हेच वंगणाचेही काम करते. रॉकेलची भेसळ झाल्यास हे वंगण कमी पडून पंप झिजतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. इंजिन चालू असताना उच्च दाबाच्या नळीतील गळती हाताने चाचपून पाहू नये. तो फवारा कातडी भेदून शरीरात शिरू शकतो. अशी जखम लहान दिसली तरी ती शस्त्रक्रियेची निकड मानून रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.

धूर, काजळी आणि युरिया

धुराचा रंग इंजिनाची प्रकृती सांगतो. काळा धूर हवा कमी वा इंधन जास्त असल्याचे, निळसर धूर ऑईल जळत असल्याचे आणि सतत येणारा पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरल्याचे लक्षण होय. नव्या वाहनांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी असते. अशा वाहनातून काळा धूर दिसू लागला, तर गाळणीच निकामी झाली असण्याचा संभव असतो.

ही गाळणी साठलेली काजळी ठराविक काळाने जाळून स्वतःस मोकळी करते. त्यासाठी वाहन काही काळ सलग व पुरेशा वेगाने चालावे लागते. वाहन केवळ गावातल्या गावात फिरत राहिल्यास गाळणी तुंबते व पटलावर सूचना येते. ती आल्यावर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग फेरी करावी. सूचना दुर्लक्षिल्यास इंजिनाची शक्ती कमी होते आणि अखेरीस गाळणी बदलण्याची वेळ येते. गाळणी काढून टाकून नळी सरळ जोडण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो बेकायदेशीर असून गावाच्या हवेस अपायकारक आहे. गाळणी काजळी जाळत असताना नळी अतिशय तापते, म्हणून वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याजवळ वाहन उभे करू नये.

काही वाहनांत धुरातील नायट्रोजनची विषारी संयुगे कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत युरियाचे द्रावण भरावे लागते. यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि उरलेले क्षारविरहित पाणी असते. युरियाचे नाव ऐकताच घरातील खताच्या गोणीची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून या टाकीत मुळीच घालू नये. देशात २०१५ पासून शेतीसाठी कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला युरिया पुरविला जातो. तो लेप, खतातील अशुद्ध घटक व पाण्यातील क्षार यांमुळे फवारणीचे नोझल चोंदते आणि धूर शुद्ध करणारे महागडे उपकरण निकामी होते. गोणीतून वाचविलेले काही रुपये अशा रीतीने हजारांनी परत द्यावे लागतात. तद्वतच हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत पडल्यास इंजिन सुरू करू नये. टाकी प्रथम साफ करून घ्यावी.

ब्रेक, टायर आणि पाटे

महाराष्ट्रात कोकण व देश यांना जोडणारे बोरघाट, माळशेज, कुंभार्ली, आंबोली यांसारखे घाट ओलांडल्याशिवाय पुष्कळ माल बाजारात पोहोचत नाही. भरलेल्या वाहनाची खरी परीक्षा चढणीवर नव्हे, तर उतारावर होते. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ते तापतात व त्यांची पकड सुटू लागते. म्हणून ज्या गिअरमध्ये तो घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये उतरावा आणि वेग इंजिनाच्या ओढीने आवरावा. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर वाहन न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे हा जिवावर बेतणारा प्रकार आहे. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारे साहाय्य थोड्याच दाबांत संपते व पॉवर स्टिअरिंग जड होते. शिवाय आजचे इंजिन गिअरमध्ये असताना व ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंधन आपोआप तोडते; न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यासाठी इंधन घेत राहते. म्हणजे वाचविलेले डिझेलही खरे नव्हे.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. ओलावा शिरलेले तेल घाटात तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल खाली जाते. त्यामुळे ते पुस्तिकेतील मुदतीप्रमाणे, साधारणपणे दोन वर्षांनी, बदलावे.

टायरमधील हवा टायर थंड असताना मोजावी; रिकाम्या व भरलेल्या वाहनासाठी पुस्तिकेत वा दारावरील पट्टीवर दिलेले दाब पाळावेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा वाहनाच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. चाक बदलल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि काही अंतर गेल्यावर पुन्हा तपासावेत. मागील पाट्यांत तुटलेले पान, ढिले झालेले यू-बोल्ट आणि ग्रीस न मिळालेले सांधे यांकडे प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी लक्ष द्यावे.

आणि या सर्व निगेस निष्फळ करणारी गोष्ट म्हणजे अतिरिक्त भार. मर्यादेबाहेर माल भरल्यास टायर, पाटे, बेअरिंग, क्लच व ब्रेक हे सारेच एकाच वेळी झिजतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी दोन हजार रुपये असा दंड आहे.

ऋतुमानाप्रमाणे दक्षता

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी वायपरची रबरे, दिवे, ब्रेक व टायर पाहून घ्यावेत. पाण्याखालील पुलावरून वाहन घालू नये. पाण्यात शिरून इंजिन बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, कारण सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही आणि इंजिनाचे भाग वाकतात. किनारपट्टीवर मासळी वाहणाऱ्या वाहनांच्या हौद्यातून बर्फाचे खारे पाणी झिरपते. हौदा व खालचा सांगाडा वरचेवर गोड्या पाण्याने धुवावा, अन्यथा गंज आतून पोखरतो. उन्हाळ्यात कूलंट, पंख्याचा पट्टा व टायर यांकडे, तर हिवाळ्याच्या आरंभी बॅटरीकडे विशेष लक्ष द्यावे. बॅटरीची टोके स्वच्छ करून त्यांस पेट्रोलियम जेली लावावी आणि बॅटरी काढताना ऋण टोकाची तार प्रथम सोडवावी.

नोंदवही : मालकाचे खरे साधन

शंभर पानांची एक वही वाहनात ठेवावी. तारीख, किलोमीटर, केलेले काम, घातलेले सुटे भाग, खर्च आणि पुढील कामाची मुदत असे सहा रकाने पुरेसे आहेत. पावत्याही त्याच वहीत जपाव्यात. हमीच्या मुदतीत व वाहन विकताना त्यांचा उपयोग होतो.

डिझेलची सरासरी याच वहीत काढता येते. टाकी काठोकाठ भरून किलोमीटर लिहावेत. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसले ते पाहावे. ४८० किलोमीटरसाठी ४० लिटर लागले, तर सरासरी १२ किलोमीटर झाली. तशाच भाराने व रस्त्याने ती १० वर आली, तर महिन्यास २,५०० किलोमीटर चालणाऱ्या वाहनास सुमारे २०८ ऐवजी २५० लिटर डिझेल लागेल. म्हणजे दरमहा ४२ लिटर वाया गेले. तुंबलेला फिल्टर, कमी हवा किंवा अडकलेला ब्रेक यांची पहिली वर्दी अशा आकड्यांतूनच मिळते.

विमा, योग्यता प्रमाणपत्र व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र यांच्या तारखाही वहीच्या पहिल्या पानावर असाव्यात. मुदत संपलेल्या कागदांनिशी धावणाऱ्या वाहनास अपघात झाल्यास नुकसानभरपाईचा प्रश्न बिकट होतो आणि त्याची झळ दोन कुटुंबांना लागते.

गावपातळीवरील कार्य

या कामी ग्रामपंचायती व शाळा मोलाचे साहाय्य करू शकतात. पंचायतीच्या स्वतःच्या घंटागाडीची व टँकरची नोंदवही नियमित ठेवली गेली, तर गावापुढे प्रत्यक्ष उदाहरण उभे राहते. चालक बदलला तरी वही राहते आणि मासिक सभेत डिझेलच्या खर्चाचा विचार अंदाजाऐवजी आकड्यांवर करता येतो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मेकॅनिक डिझेल हा अभ्यासक्रम चालतो. तेथील निदेशकांस पावसाळ्यापूर्वी गावी निमंत्रित करून वाहनमालकांसाठी एक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवणे कठीण नाही. शिक्षकांस दाब, उष्णता व घर्षण हे विज्ञानाचे पाठ गावातल्याच वाहनाच्या आधारे शिकविता येतील. सरासरीचे गणित तर घरच्या वहीतूनच सोडविता येईल.

अनेक घरांत वाहन वडिलांच्या नावावर असते, चालविणारा मुलगा असतो आणि हिशोब ठेवणारी सून किंवा मुलगी असते. निगेची माहिती या तिघांनाही असली पाहिजे. सकाळची दहा मिनिटे, वेळेवर बदललेले ऑईल आणि नियमाने भरलेली वही यांसाठी मोठे भांडवल लागत नाही. कर्ज फिटेपर्यंत वाहनाने कुटुंबास साथ द्यावी आणि कर्ज फिटल्यावरही पुढे काही वर्षे कमवून द्यावे, हे साध्य होणे न होणे बव्हंशी या लहानशा शिस्तीवर अवलंबून आहे.